काचेखालचं कपाट

फिश टँकचा फोटो नेहमी समोरून काढतात. निऑन टेट्राची झुंड, मागे हिरवी वनस्पती, वरून पडलेला स्वच्छ पांढरा उजेड. त्याच्या खाली अडीच फूट उंचीचं एक कपाट असतं आणि फोटोच्या वेळी त्याची दारं लावलेली असतात. ती उघडली की बहुतेक घरांत सारखंच दृश्य दिसतं. तळाशी एक एक्स्टेन्शन बोर्ड आडवा पडलेला. त्यात खुपसलेले प्लग आणि त्यांच्यात दाटीवाटीने बसलेले ॲडॉप्टर. बाजूला माशांच्या खाण्याचे डबे, औषधाच्या बाटल्या, ओला स्पंज. वायरींचा गुंता तर इतका, की फिल्टरची वायर कुठली आणि हीटरची कुठली हे टँकच्या मालकालाही ओढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

या गुंत्याला लोक पसारा म्हणतात आणि एखाद्या रविवारी आवरू म्हणून सोडून देतात. माझ्या मते तो पसाऱ्याचा प्रश्न नाही. दोनशे लिटर पाणी आणि २३० व्होल्टची वीज घरात एकमेकांच्या इतकी जवळ दुसरीकडे कुठेही नांदत नाहीत. बाथरूममधला गीझर भिंतीवर उंच असतो, त्याची जोडणी वायरमन करतो. टँकखालची जोडणी मात्र आपण स्वतः, गुडघ्यांवर बसून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात करतो. आणि पाण्यात हात दर आठवड्याला घालतो.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं आहे. अशा सार्वजनिक मत्स्यालयात काचांच्या मागे कर्मचाऱ्यांना वावरायला वेगळी जागा असते. पंप, पाइप, स्विच सगळं तिथे, माणसाला उभं राहून हाताळता येईल असं. घरी ती जागा दोन दारांच्या कपाटात कोंबावी लागते. ती कोंबताना काय कुठे असावं याचा विचार टँक विकणारा करत नाही, कपाट बनवणारा सुतार करत नाही आणि घेणाऱ्याला तो करायचा असतो हेच माहीत नसतं. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत येतात. त्यांना लवकर पाण्यात सोडायचं असतं. त्या घाईत बोर्ड जिथे पडतो तिथेच पुढची कित्येक वर्षं राहतो.

आत नेमकं काय काय असतं ते आधी पाहू. साध्या गोड्या पाण्याच्या चार फुटी टँकला कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, दिवा, हवेचा पंप आणि थंडीत हीटर. वनस्पतींचा टँक असेल तर कार्बन डायऑक्साइडची टाकी आणि तिचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, दिव्याला टायमर. खाऱ्या पाण्याचा, पोवळ्यांचा टँक असेल तर विचारूच नका. खाली सम्प, म्हणजे पाण्याची दुसरी छोटी टाकी, त्यात पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप आणि फेसातून घाण काढणारा स्किमर, वर लाटा करणारे पंप, घटलेलं पाणी भरणारा छोटा पंप, थेंबाथेंबाने क्षार सोडणारा डोसिंग पंप आणि उन्हाळ्यासाठी चिलर. दहा-बारा प्लग सहज होतात.

या यादीकडे पाहून लोकांना पहिली भीती वाटते ती लोडची. ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. गोड्या पाण्याच्या टँकचा हिशेब मांडा: फिल्टर २० वॉट, दिवा ६०, हवेचा पंप ५ आणि हीटर २००. एकूण २८५ वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आसपास. सहा अँपिअरच्या सॉकेटला हे काहीच नाही. अपवाद चिलरचा. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, सुरू होताना तो मोठा झटका घेतो, म्हणून त्याला स्वतंत्र सॉकेट हवं. शिवाय तो गरम हवा बाहेर फेकतो. बंद कपाटात ठेवलेला चिलर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो, आणि पाणी गार होण्याऐवजी बिल वाढतं. त्याची जागा कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत.

खरा धोका तीन गोष्टींचा आहे: पाणी, ढिला प्लग आणि दमट हवा.

पाणी वायरीवरून चालत येतं. पंपाची वायर टँकच्या काठावरून बाहेर येते आणि खाली उतरते. काठाशी ती ओली असते, कधी केशाकर्षणाने, कधी आपण हात बाहेर काढताना सांडलेल्या थेंबांनी. थेंब वायरीच्या बाहेरच्या कवचाला धरून घरंगळत जातो आणि वायर जिथे संपते तिथे पोचतो. वायर संपते प्लगमध्ये. यावरचा उपाय फुकट आहे. प्लगच्या आधी वायरीला प्लगच्या पातळीखाली जाणारा झोल द्यायचा. थेंब झोलाच्या तळाशी येतो आणि तिथून खाली पडतो. वर चढून प्लगपर्यंत जाऊ शकत नाही. पण झोल द्यायला प्लग उंचावर हवा. तळाशी पडलेल्या बोर्डाला झोल देताच येत नाही, कारण त्याच्याखाली जागाच नसते. म्हणून बोर्ड कपाटाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या भागात, उभा स्क्रूने बसवावा आणि सॉकेटची तोंडं बाजूला असावीत, आकाशाकडे नव्हे. जमलं तर बोर्ड कपाटाच्या बाहेरच्या भिंतीवरच असावा. सगळ्यांत चांगली जागा तीच.

तळ ही सर्वांत वाईट जागा का, ते समजायला आणखी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. चार फूट बाय दीड फूट टँकमधलं पाणी फक्त एक इंच उतरलं तर ते अर्धा घनफूट, म्हणजे सुमारे १४ लिटर होतं. सम्प असलेल्या टँकमध्ये वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी पाइपमधून उलटं खाली येतं. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा ठेवलेली नसेल तर बादलीभर पाणी कपाटात सांडतं. नेमकं त्याच वेळी तळाशी बोर्ड पडलेला असतो, आणि थोड्या वेळाने वीज परत येणार असते. हवेच्या पंपाचंही असंच आहे. तो पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह नसेल, तर वीज जाताच पाणी नळीतून सायफनसारखं ओढलं जाऊन पंपात शिरतं. हा व्हॉल्व्ह अगदी स्वस्तात मिळतो. तो नसेल तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा.

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मिठाचं वेगळंच प्रकरण असतं. बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मीठ उरतं. हे मीठ वायरीवर, पाइपच्या जोडावर पांढऱ्या पापुद्र्यासारखं चढत जातं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभर पटींहून अधिक सहजपणे वीज वाहून नेतं. सॉकेटवर मिठाची पुटं दिसली तर ते सॉकेट पुसू नका, बदला.

आता ढिला प्लग. आपल्याकडे मिळणारे पुष्कळ पंप आणि हीटर बाहेरून आलेले असतात, त्यांना चपट्या किंवा वेगळ्या मापाच्या दोन पिना असतात. त्या आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावला जातो. कन्व्हर्टरवर ॲडॉप्टर, ॲडॉप्टरचं वजन खाली ओढतंय, पिना अर्ध्या बाहेर. अशा ठिकाणी बारीक ठिणगी पडत राहते, पिना तापतात, काळ्या पडतात, प्लास्टिक पिवळं होतं. काळी पडलेली पिन दिसली की तो जोड संपला असं समजावं. यापेक्षा वाईट म्हणजे वायर कापून, टेपने गुंडाळून लांब केलेली असणं. पाण्यात बुडणाऱ्या पंपाच्या वायरीला जोड कधीही देऊ नये. वायर कापली गेली असेल तर पंप टाकून द्यावा. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. उलट वायर जास्त लांब असेल तर तीही कापू नये, सैल वेटोळं करून हुकाला अडकवावी.

दमट हवेबद्दल कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना सांगायला नको. बंद कपाटात पाण्याची सतत वाफ होत असते, त्यात पावसाळा आला की पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. कपाटाच्या मागच्या फळीला वर आणि खाली मोकळी जागा ठेवली की हवा फिरते. सम्प असेल तर संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावून हवा बाहेर ढकलणं चांगलं. माशांचं खाणं मात्र या कपाटात ठेवूच नये. त्याच्या वासाने झुरळं येतात, झुरळांमागून पाली येतात, आणि पाल उबेला कुठे बसते हे कुठल्याही वायरमनला विचारा.

इथपर्यंतचं सगळं हाताने करण्यासारखं आहे. पुढचा भाग मात्र वायरमनच्या कामाचा आहे आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचाही.

टँकमधला हीटर म्हणजे काचेच्या नळीत ठेवलेली तापणारी तार. पाणी बदलताना पातळी खाली जाते, हीटर उघडा पडतो आणि चालूच राहतो. मग गार पाणी पडलं की काच तडकते. आता पाण्यात वीज आहे. पण बाहेरून काहीही कळत नाही. टँक काचेचा, खाली लाकूड. विजेला जमिनीकडे जायला वाट नसल्याने ती वाहत नाही. मासे नेहमीसारखे पोहत असतात. वाट मिळते ती आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाण्यात हात घालतो तेव्हा. ती वाट आपल्या शरीरातून जाते.

घरातला एमसीबी अशा वेळी वाचवेल असा पुष्कळांचा समज आहे. तो वाचवत नाही. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरपर्यंत, म्हणजे ६००० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मुकाट्याने वाहू देतो. माणसाच्या स्नायूंची पकड सुटेनाशी व्हायला दहा-पंधरा मिलिअँपिअर पुरतात. हा आकडा शोधण्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला ते चार्ल्स डॅलझिएल हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. किती विजेपर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं, आणि १९६१ साली असं उपकरण तयार केलं, जे जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतं. दोघांत अगदी थोडा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे असं कळलं, की ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. अमेरिकेत असं उपकरण सुमारे ५ मिलिअँपिअरला तोडतं. आपल्याकडे याच तत्त्वावर चालणारा आरसीसीबी मिळतो आणि माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा असतो. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही असतात. ते आगीपासून संरक्षणासाठी, टँकसाठी उपयोगाचे नाहीत. डब्यावरचा आकडा स्वतः वाचून घ्यावा.

जुन्या चाळींत, जुन्या सोसायट्यांत तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार असतेच असं नाही. सॉकेट तीन भोकांचं, मागे वायरी दोनच. आरसीसीबी अर्थिंगशिवायही काम करतो, पण फरक असा: अर्थिंग असेल तर उपकरणाच्या धातूत वीज उतरताच तो पडतो, नसेल तर माणसाने हात लावल्यावर पडतो. टँक लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं असं म्हणण्याचं कारण हेच. समुद्री टँक ठेवणारे काही जण पाण्यात टायटॅनियमचा सळा सोडून तो अर्थिंगला जोडतात, म्हणजे हीटर तडकल्या क्षणी आरसीसीबी पडावा. हा उपाय आरसीसीबी असेल तरच करावा. तो नसताना असा सळा सोडला तर पाण्यातून वीज वाहत राहण्याची सोय आपणच करून दिल्यासारखं होतं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. आरसीसीबी पडला की फिल्टरही बंद पडतो. घरात कोणी नसेल, सगळे गावाला गेले असतील, तर कपडे धुण्याच्या यंत्रातल्या गळतीमुळे टँक बंद पडलेला राहू शकतो. म्हणून टँकच्या सर्किटला घरापासून वेगळा आरसीसीबी द्यावा. जमलं तर टँकमध्येही दोन भाग करावेत: हीटर एकीकडे, फिल्टर आणि हवेचा पंप दुसरीकडे. हीटर बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि त्याच्या बिघाडाने माशांचा श्वास थांबू नये. खर्च थोडा वाढतो. एका चांगल्या दिव्याच्या किमतीपुढे तो काहीच नाही, आणि दिव्यावर खर्च करताना कोणी घासाघीस करत नाही.

वीज जाण्याचा विचार विदर्भ-मराठवाड्यात, किंबहुना कुठल्याही लहान गावात टँक ठेवणाऱ्याला करावाच लागतो. इन्व्हर्टरवर काय ठेवायचं? फिल्टर आणि हवेचा पंप. हीटर, चिलर आणि दिवा नको. साध्या, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंपाची मोटर गुरगुरते आणि तापते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर बरं. आणि बंद कॅनिस्टर फिल्टरबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या आत माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. पाणी वाहायचं थांबलं की डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, पाणी कुजतं. वीज परत आली की फिल्टर ते कुजकं पाणी टँकमध्ये फेकतो आणि रात्री ठीक असलेले मासे सकाळी तरंगतात. वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर आधी उघडून, टँकच्याच पाण्याने धुऊन मग सुरू करावा. यासाठी फिल्टरचा स्विच वेगळा, सहज सापडणारा हवा. वायरींची व्यवस्था आणि माशांचा जीव यांचा संबंध इथे थेट येतो.

सुतारकामाकडे आता वळू, थोडक्यात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरून तीनशे किलोच्या पुढे वजन जातं. पार्टिकल बोर्डाचं कपाट एकदा भिजलं की फुगतं आणि भार पेलत नाही. बीडब्ल्यूपी दर्जाचा, आयएस ७१० छापा असलेला मरीन प्लाय घ्यावा. वायरींसाठी भोकं भार उचलणाऱ्या उभ्या फळ्यांत पाडू नयेत, मागच्या फळीत पाडावीत, आणि ती थ्री-पिन प्लग आरपार जाईल इतकी मोठी असावीत. नाहीतर प्लग कापून पुन्हा लावण्याची वेळ येते. भोकाला संगणकाच्या टेबलाला असते तशी प्लास्टिकची कडी बसवली की वायर घासत नाही. भोक पाडल्यावर प्लायची उघडी कड मात्र रंगाने किंवा सिलिकॉनने बंद करायला विसरू नये. आणि सुतार घरात असतानाच कपाटात एक उभा पडदा टाकून घ्यावा: एका बाजूला ओलं, म्हणजे फिल्टर, सम्प, नळ्या, दुसऱ्या बाजूला कोरडं, म्हणजे बोर्ड, ॲडॉप्टर, टायमर. हा पडदा नंतर बसवायचा म्हटलं तर टँक रिकामा करावा लागतो.

जपानच्या निगाता प्रांतातले छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी वनस्पतींच्या टँकचं रूप जगभर बदललं. कड नसलेली काच, पारदर्शक काचेच्या नळ्या, नजरेत एकही यंत्र नाही. त्यांच्या टँकसमोर उभं राहिलं की नदीकाठ दिसतो. मला ते टँक अतिशय आवडतात. पण त्यांची नक्कल करताना आपण वरचं सगळं खाली ढकलतो आणि खालच्या व्यवस्थेला मात्र हात लावत नाही. दुसरं टोकही पाहायला मिळतं: हौशी लोक कपाटातल्या वायरी इतक्या रेखीव बांधतात की दर तीन इंचांवर प्लास्टिकचा टाय असतो. फिल्टर धुवायला बाहेर काढायचा तर टाय कापायचे, तेही कटर चालू वायरीला भिडवून. जी वायर कधी हलणार नाही, उदाहरणार्थ दिव्याची, ती खुशाल पट्टीत बसवून टाका. फिल्टर, हीटर आणि पंप यांच्या वायरी वेल्क्रोच्या पट्टीने सैल बांधा, म्हणजे हाताने सोडता येतील आणि उपकरण वायरीसकट बाहेर येईल. गुच्छ घट्ट आवळू नये. ॲडॉप्टर एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत, त्यांची उष्णता निघून जायला हवी.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. एकाच टोकाला लिहून उपयोग नाही. प्लगपाशीही हवं आणि उपकरणापाशीही. मराठीत लिहा, ठळक लिहा, शाई पाण्याने पुसणार नाही अशी घ्या. हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही ऑफिसात असताना फरशीवर पाणी पाहून घाबरलेली तुमची आई, बायको किंवा मुलगा फोन करतो तेव्हा त्यांना खालचा कोणता प्लग काढायचा हे कळावं म्हणून. महिन्यातून एकदा टँक साफ करायला येणारा मुलगाही त्याच कपाटात हात घालतो. तो दिवसभरात अनेक घरी जातो, प्रत्येक घरची जोडणी वेगळी, आणि त्याला कोणी काही समजावून सांगत नाही. तो वाकून, ओल्या हातांनी, अंदाजाने प्लग ओढतो. त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या कपाटावर आहे. व्यवस्था नीट लागली की नाही हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे: ज्याला टँकमधलं काही कळत नाही, त्याला कपाटाबाहेरच्या एका स्विचने सगळं बंद करता आलं पाहिजे, आणि दार उघडल्यावर फक्त हीटर बंद करता आला पाहिजे. तेवढं जमत नसेल तर वायरी कितीही सरळ दिसोत, काम अपुरं आहे.

तुमच्या घरी टँक असेल तर आधी आरसीसीबी आहे का ते पाहा. असेल तर त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला की पुन्हा वर करा आणि फिल्टर चालू झाला याची खात्री करा. हे बटण अर्थिंग तपासत नाही, तेव्हा ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या. खटका पडला नाही, किंवा आरसीसीबीच नसेल, तर वायरमन येऊन जाईपर्यंत टँकचे सगळे प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, आणि सफाईला येणाऱ्या मुलालाही घालू देऊ नका.